मंजूर भार

१० फेब्रुवारी, इन्सब्रुक

आज ८५वा दिवस. मोजणी माझी नाही, मुलाची. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसावर १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं आणि उतरल्याचा दिवसही त्यात धरतात, हे त्याने म्युनिकच्या विमानतळावरच बजावलं होतं. १८ नोव्हेंबरला उतरलो, १४ फेब्रुवारीला निघायचं. म्हणजे ८९. एक दिवस हातचा. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर नातू रोज एक फुली मारतो. मला वाटायचं, आजी-आबा जाणार म्हणून पोर दिवस मोजतंय. मग कळलं, त्याला नुसती फुली मारायला आवडते.

गेला पंधरवडा माझं मन कधीच नाशकात जाऊन बसलंय. सकाळी उठलो की फोनवर आधी निफाडचा पारा बघतो. खिडकीबाहेर उणे सहा, आणि मला काळजी निफाडच्या द्राक्षांची. मेतकुटाच्या बरणीत चमचा आता तळाला वाजतो. ही तर नाताळापासून म्हणतेय, "पुन्हा थंडीचं कध्धी म्हणजे कध्धी यायचं नाही." अशात मुलाने जाहीर केलं, जाण्याआधी इन्सब्रुक. एक दिवस शहर, एक दिवस स्कीइंग. मी म्हटलं, अरे, बॅगा कधी भरायच्या? सून म्हणाली, "बाबा, तासाभराचं काम आहे." तिने अजून सासूला बॅग भरताना पाहिलेलं नाही.

म्युनिकहून रेल्वेने दोन तासही लागले नाहीत. कुफस्टाइनला देश बदलला, जर्मनी जाऊन ऑस्ट्रिया आला, तो फोनवर मेसेज आला म्हणून कळलं. तिथून इन नदी सोबतीला. इन नदीवरचा पूल तो इन्सब्रुक, इतकं सरळ नाव. संध्याकाळी त्याच पुलावर उभे राहिलो. पलीकडच्या काठावर पिवळी, गुलाबी, हिरवी घरं ओळीने, आणि त्यांच्या डोक्यावर एकदम डोंगर. मध्ये मोकळी जागा अशी नाहीच. रामकुंडावर उभं राहावं आणि रामशेज पंचवटीच्या मागच्या गल्लीत असावा, तसं.

११ फेब्रुवारी

शहर. सोन्याच्या छपराबद्दल मुलगा महिनाभर सांगत होता. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला, १५०० साल, सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे २,६५७ पत्रे. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर एका घराच्या सज्जावरचं छोटंसं छप्पर. ही म्हणाली, "एवढंसंच?" मुलगा हिरमुसला. मला मात्र आवडलं. बाकीचं घर साधं ठेवून फक्त सज्जा मढवायचा, कारण लोक बघणार ते तेवढंच. राजाला व्यवहार कळत होता.

खरी गंमत जवळच्या हॉफकिर्शे चर्चमध्ये. मधोमध मॅक्सिमिलियनची संगमरवरी समाधी आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळपट ब्राँझचे पुतळे, माणसापेक्षा उंच, २८. राजे, राण्या, पूर्वज, नुसते दंतकथेतले पूर्वजसुद्धा. सगळे अंत्ययात्रेला जमलेले. आणि समाधी रिकामी! म्हातारा १५१९ साली गेला आणि त्याला पुरलं व्हिएन्नाच्या दक्षिणेला, विनर नॉयश्टाटला. हे चर्च बांधलं त्याच्या नातवाने, फर्डिनांडने. इतके ब्राँझचे पाहुणे उभे करून ठेवले होते, त्यांची सोय तर लावायला हवी.

नातवाने विचारलं, "आबा, तो इथे नाही, मग हे कशाला उभे?" मी सांगितलं, आपल्याकडे सत्काराचे प्रमुख पाहुणे येत नाहीत तेव्हाही मंडप असतोच. त्याला मंडप कळला नाही. तो २८ मोजायला निघून गेला. २६ भरले. पुन्हा मोजले, ३१.

दुपारी नॉर्डकेट्टे डोंगर. जमिनीखालच्या स्टेशनातून फ्युनिक्युलर निघते, इन नदी ओलांडते आणि मग चढाला लागते. एकाच दोराला दोन डबे, एक उतरतो त्याच्या भाराने दुसऱ्याला चढायला मदत. तत्त्व तेच, जे आपल्या सप्तशृंगगडावर. पण इथली गंमत अशी की चढ वाढला की आतली केबिन आपोआप सरळ होते, हातातला चहा कलत नाही. स्टेशनांची छपरं वितळून ओघळलेल्या बर्फासारखी आहेत. वास्तुरचनाकार झाहा हदीदचं काम, २००७चं. पुढे रोपवेने झेग्रुबं, १,९०५ मीटर. आपली कळसूबाई १,६४६. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा अडीचशे मीटर वर आलो आणि हे त्यांचं मधलं स्टेशन.

वर सगळे फोटोत. मी खांबांकडे बघत बसलो. वीज मंडळात ३४ वर्षं काढलेल्या माणसाला तारेचा झोळ दिसला की दुसरं काही दिसत नाही. खाली दरीत विमानतळ. एक विमान आमच्या पायाखालून उतरायला गेलं. समोर पात्शरकोफेल डोंगर, माथ्यावर प्रक्षेपणाचा मनोरा. मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या तिथे."

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, मोठ्याने बोलणार नाही. तीन महिने मी मुलाच्या मागे चालतोय. तिकीट तो काढतो, मेनू तो वाचतो, रस्ता ओलांडताना माझ्या कोपराला त्याचा हात असतो. "बाबा, इकडे." "बाबा, थांबा, लाल आहे." त्याचं चुकत नाही. पण ज्याच्या फोनशिवाय तालुक्याचा विजेचा फीडर चालू होत नसे, त्याला स्वयंचलित दारासमोर कुठे उभं राहायचं ते दाखवतात, तेव्हा घशाशी काहीतरी येतं. उद्या माझ्यासाठी चाललेत, हे कळतं. तरी झोप नाही.

१२ फेब्रुवारी

हात थरथरतोय, अक्षर तसंच येणार.

सकाळी बसने पात्शरकोफेलच्या पायथ्याला. साहित्य भाड्याने देणाऱ्या दुकानात आधी बूट. ते पायात घालायचे नसतात, पाय त्यांच्यात कोंबायचा असतो. नंबर म्हणजे पावलाची लांबी, सरळ सेंटिमीटरमध्ये. माझा २७, हिचा २३.५. चार खटके आवळले की नडगी पुढे ढकलली जाते, आणि सरळ उभं राहण्याची साठ वर्षांची सवय मोडते. फरशीवर चाललो तर आवाज असा, जणू कोणी मुसळ घेऊन जिना उतरतंय. ही मुळात "मी खाली बसते, तुमचे फोटो काढते" म्हणून आली होती. सुनेने काही न बोलता तिच्या पायातही बूट चढवले होते.

मग एक फॉर्म. वय, उंची, वजन. दुकानातला पोरगा म्हणाला, वजन नीट लिहा. ही शेजारीच उभी. आता, मागच्या आठवड्यात मी हिला सांगितलं होतं की इथल्या चालण्याने माझं वजन उतरलंय. त्यामुळे ८४च्या जागी ७६ लिहिलं. माणसाला घरात तोंड दाखवायचं असतं.

शिकाऊंसाठी पायथ्याजवळ एक बेताचा उतार आहे आणि वर न्यायला सरकता पट्टा. जर्मनमध्ये त्याला जादूचा गालिचा म्हणतात. त्यावर उभे सगळे पाच-सहा वर्षांचे, मध्ये मी, हेल्मेट घालून, हत्तीसारखा. शिकवणारी मुलगी विशी-बाविशीची. तिने पहिल्यांदा सांगितलं, वजन पुढे, उताराकडे. मागे रेलाल तर स्की तुमचं ऐकणार नाही. मला पटेना. घाटात उतरताना आपण मागे जातो की पुढे? मी तिला कसारा घाट समजावायच्या बेतात होतो, तेवढ्यात निघालोच. मागे रेललो. ऐकलं नाही तिने, स्कीने. पडलो.

पडणं सोपं. उठणं ही विद्या आहे. दोन्ही पट्ट्या, म्हणजे स्की, उताराला आडव्या लावायच्या, नाहीतर अर्धवट उठलेला माणूस बसल्या बसल्या खाली जातो. मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा नातू बाजूला येऊन थांबला, सफाईने, बर्फ उडवत. दोन हिवाळे शिकतोय तो. म्हणाला, "आबा, पिझ्झा करा." इथे मुलांना असंच शिकवतात. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकवलेली, म्हणजे पिझ्झाचा तुकडा. वेग कमी. समांतर ठेवल्या तर पोमेस, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या काड्या. वेग जास्त. तो माझ्यापुढे जात मागे वळून ओरडत होता, "पिझ्झा! पिझ्झा! आबा, पोमेस नको!" आणि खरं सांगतो, काल रात्रीचं ते घशाशी येणारं काही आलं नाही. त्याच्या आवाजात काळजी नव्हती. मी त्याच्या वर्गातला ढ मुलगा होतो, एवढंच.

पण माझी पट्टी सारखी सुटत होती. जरा पाय वळला की खट्ट, बूट मोकळा. चौथ्यांदा झाल्यावर शिकवणारीने बाइंडिंगवरचा, म्हणजे बूट पट्टीला धरून ठेवणाऱ्या खटक्यावरचा, आकडा बघितला, मला बघितलं, पुन्हा आकडा बघितला. दुकानात घेऊन गेली. पोऱ्याने विचारलं, वजन किती? मुलाने भाषांतर केलं, खरं तर गरज नव्हती. मग त्याने समजावलं: बाइंडिंगला एक मर्यादा लावलेली असते. तेवढा जोर आला की ते बूट सोडून देतं, म्हणजे पाय पिरगळून मोडत नाही. ती मर्यादा वजन, उंची, वय, बुटाची लांबी यांवरून ठरते. आकडा कमी लावला तर विनाकारण सुटतं, जास्त लावला तर वेळेवर सुटत नाही.

म्हणजे फ्यूज! किटकॅट फ्यूजमधली तार. मला तर भाषांतर संपायच्या आधीच कळलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ३४ वर्षं मी लोकांच्या घरी, गिरण्यांत, गुऱ्हाळांत जाऊन हेच सांगितलं, मंजूर भार, म्हणजे मंडळाकडून वापरायला मान्य करून घेतलेली वीज, खरा दाखवा. कागदावर पाच किलोवॅट आणि आत दोन मोटारी, मग फ्यूज उडतो म्हणून मंडळाला शिव्या. एका गिरणीवाल्याला मी सगळ्या गावासमोर झापलं होतं. आज तो इथे असता तर!

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं. ही खुर्चीत बसून बूट सैल करत होती. तिने वर बघितलंही नाही. "मला माहीत होतं," म्हणाली.

दुपारनंतर सुटलं नाही. पडलो तेव्हा आपल्या कर्माने पडलो. एकदा मात्र पट्ट्याच्या टोकापासून थेट खालच्या दोरीपर्यंत न पडता आलो, पिझ्झा करत, मांड्या थरथरत. बघायला कोणी नव्हतं, कारण सगळे हिला बघत होते. ती शिकवणारीचा एक शब्द न टाळता, गुडघे वाकवून, हळूच वळणं घेत उतरत होती. उजवीकडे, डावीकडे, शेणाने अंगण सारवावं तशी एकसारखी. लहानपणी गिरणाऱ्याला खरंच सारवलेलं आहे तिने. मी इतकी वर्षं समजत होतो की सायकलसुद्धा न येणारी बाई.

जेवायला कायझरश्मारन. जाड गोड धिरडं तव्यातच मोडायचं, मनुका, वरून पिठीसाखर, बरोबर आलुबुखाराची आंबटगोड चटणी. हिचं मत, फसलेलं धिरडं झाकायची युक्ती आहे. दोन वेळा घेतलं तिने.

तिथेच मुलाने या डोंगराच्या गोष्टी सांगितल्या. १९६४ साली इथे हिवाळी ऑलिंपिक होतं आणि नेमका बर्फच पडेना, म्हणून ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी वरून बर्फ वाहून आणला, घसरगाडीच्या मार्गासाठी बर्फाच्या २०,००० लाद्या. टँकरने पाणी पुरवणाऱ्या मुलखातला मी, मला हे लगेच डोळ्यांपुढे आलं. १९७६ला पुन्हा ऑलिंपिक, आणि ऑस्ट्रियाचा स्कीपटू फ्रान्झ क्लामर, पिवळ्या कपड्यांत, याच उतारावरून १ मिनिट ४५.७३ सेकंदांत खाली. ०.३३ सेकंदाने सुवर्ण. फोनवर ते दृश्य बघितलं. दर वळणाला वाटतं, आता गेला. एकदाही मागे रेललेला नाही.

पण मला जवळचा वाटला तो दुसराच. भारत हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो १९६४ला, इथेच. आपल्या संघात खेळाडू एक, जेरेमी बुजाकोव्स्की, जन्माने पोलिश. याच पात्शरकोफेलच्या डाउनहिल शर्यतीत तो उतरला, आणि शेवटपर्यंत पोचला नाही. म्हणजे या डोंगरावर आपलं खातं मी उघडलेलं नाही.

परतताना बसमध्ये नातू माझ्या मांडीवर झोपला. मांडीला आधीच काय झालं होतं ते मांडीलाच ठाऊक, पण हललो नाही.

१३ फेब्रुवारी, म्युनिक

परत. जिना उतरताना कठडा धरून, आडवा, एकेक पायरी. वर जाताना त्रास नाही, उतरताना आहे. नातू खालून ओरडतो, "पिझ्झा!"

संध्याकाळी बॅगा. तासाभराचं काम रात्री साडेदहाला संपलं. विमानाला प्रत्येकी २३ किलो. हुकाचा काटा बॅगेला अडकवून मी उचलली, मांड्यांनी बोंब मारली. आकडा डोळ्यांसमोर नाचला. ही वही घेऊन समोर. "किती?"

"तेवीसच्या आसपास."

"अहो, मंजूर भार नका सांगू. खरं सांगा."

२४.३. मी सकाळच्या फिरायच्या मंडळींसाठी घेतलेली चॉकलेटं काढू म्हणालो. तिने नकार दिला आणि तळातून आपले लोकरीचे आतले कपडे, हातमोजे, मोजे, सगळं काढून सुनेच्या हातात दिलं. "ठेव गं इथेच. नाशकात काय करायचेत?"

सून कपाटाकडे वळली, तसं हिने मागून सांगितलं, "आणि माझ्या त्या बुटाचा नंबर कुठेतरी लिहून ठेव. साडेतेवीस."