सेव्हर्न ओलांडताना: पायी आणि सायकलने

इंग्लंडमधून सेव्हर्न नदी ओलांडून वेल्सला सायकलने जायचं असेल तर नकाशावरचा नवा, लांबलचक पूल विसरा. १९९६ साली सुरू झालेल्या त्या प्रिन्स ऑफ वेल्स पुलावर पायी किंवा सायकलने जाताच येत नाही. आपला पूल म्हणजे त्याच्यापेक्षा नदीच्या वरच्या अंगाचा, १९६६ चा जुना सेव्हर्न पूल.

आम्ही इंग्लंडच्या बाजूच्या ऑस्ट गावाकडून चढलो. एम ४८ महामार्गाच्या दोन्ही कडांना पादचारी आणि सायकलस्वारांसाठी वेगळी वाट आहे, पैसे पडत नाहीत. दुरुस्तीसाठी कधी एक बाजू बंद असते, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. देखभालीच्या गाड्याही याच वाटेवरून येतात. कानात गाणी लावून चालू नका. दोन्ही बाजू उघड्या असतील तर नैर्ऋत्येची घ्या. समोर खाडी रुंदावत जाते आणि लांबवर नवा पूल दिसतो. मात्र वारा बहुधा तिकडूनच येतो, म्हणजे सायकलला आडवा. पुलाच्या मनोऱ्याच्या आडोशातून बाहेर पडताना हँडल घट्ट धरा. जोर फार असेल तर उतरून ढकलत न्या, त्यात कमीपणा नाही.

मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, ९८८ मीटरचा. वारा वरून-खालून सटकावा म्हणून या झुलत्या पुलाचा डेक (रस्त्याचा तळ) कडांना निमुळत्या पोलादी पेटीसारखा केला आहे. तो भक्कम आहे, तरी मोठं वाहन गेलं की तळव्यांना हादरा कळतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून जा. इथे उधाणाला पाणी १४ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आम्हाला ओहोटी मिळाली: गाळाची बेटं, उघडे खडक आणि ऑस्टचा लाल कडा पायथ्यापर्यंत. माझं मत विचाराल तर भरतीपेक्षा हेच बघावं.

मोठा पूल संपला म्हणजे वेल्स आलं, असं समजू नका. ती बीचलीची जमीन, अजून इंग्लंडच. वाट तशीच पुढे वाय नदीवरच्या पुलावर जाते आणि हद्द तिथे बदलते.

पुढे वेल्समधल्या चेपस्टोला रेल्वे स्टेशन आहे, पण ब्रिस्टलला परतायचं तर वाटेत गाडी बदलावी लागते. पायांत जोर उरला असेल तर ऑस्टला पुलावरूनच परत या.