पौषी अमावास्येचे आकाश

वाईतील आमच्या मंडळाचे वार्षिक आकाशदर्शन पौष अमावास्येच्या जवळच्या शनिवारी होत असे. पौषात लग्नकार्ये नसतात, हवा कोरडी असते आणि चंद्राचा अडथळा नसतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. तरीही ‘अमावास्येच्या रात्री मुलांना बाहेर काय काढता?’ असे विचारणारे कोणीतरी दरवर्षी भेटेच, आणि बहुधा तेच रात्री कानटोपी घालून रांगेत सर्वांत पुढे उभे असत. प्रवेशमूल्य कधीच नव्हते. दारात देणगीपेटी ठेवण्याची सूचना एकदा पुढे आली होती. मात्र पेटी दिसली की गरीब माणूस बाहेरूनच परत फिरतो, असे ज्येष्ठ सभासदांनी ठामपणे सांगितले आणि तो विषय तिथेच मिटला.

दिवसभर शाळेच्या सभागृहात फुगवता तारांगण-घुमट उभा असे. पंख्याच्या हवेवर उभ्या राहणाऱ्या त्या काळ्या कापडी घुमटात बोगद्यासारख्या दारातून वाकून, जवळजवळ रांगत शिरावे लागे. नऊवारी सावरत आत गेलेल्या आज्यांना बाहेर येताना हसू आवरत नसे. सकाळपासूनचे खेळ मुलांचे असत. संध्याकाळचा शेवटचा खेळ मात्र केवळ मोठ्यांसाठी राखून ठेवलेला असे. या नियमावर पालक रुसत, पण तो मला फार शहाणपणाचा वाटतो. मुले सोबत असली की मोठी माणसे प्रश्न विचारत नाहीत, मुलांना समजावत बसतात. मुले बाजूला झाली की त्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिलेले प्रश्न बाहेर पडत.

त्यांतला एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी येई. बावधनहून आलेल्या एका शेतकऱ्यांनी तो सर्वांत नेमका विचारला होता: ‘मृग जूनमध्ये लागतो म्हणता, मग तो आत्ता थंडीत डोक्यावर कसा?’ घुमटात याचे उत्तर दाखवता येते, आणि तारांगणाचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. निवेदकाने आकाश भराभर फिरवून 8 जूनवर आणले, सूर्य मृगाच्या ताऱ्यांजवळ नेऊन ठेवला आणि मग दिवसाचा उजेड पुसून टाकला. नक्षत्र लागणे म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येणे. त्यामुळे पेरणीच्या वेळी मृग सूर्याबरोबरच उगवतो आणि मावळतो, आणि पाऊस नसला तरी तो दिसला नसता. सहा महिन्यांनी सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेला की तोच मृग रात्रभर दिसतो. ते शेतकरी काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी रोहिणी आणि आर्द्रेचेही असेच दाखवायला सांगितले.

जेवणे उरकून मंडळी पटांगणावर जमत. भारनियमनाच्या वर्षांत आमचे दैव विचित्र होते: वीज गेली की घुमट हळूहळू बसू लागे आणि आतल्यांना घाईने बाहेर काढावे लागे, पण त्याच वेळी गावावरचे आकाश असे उघडे की पटांगणावरच्या कार्यकर्त्यांना मनातून आनंदच होई. विजेऱ्यांना लाल जिलेटिनचा कागद लावलेला असे. सभासदांनी स्वतः आरसा घासून तयार केलेली आठ इंची दुर्बीण आधी देवयानी दीर्घिकेकडे वळवत, कारण ती पश्चिमेला लवकर कलते. त्यानंतर कृत्तिका आणि मृगातील तेजोमेघ दाखवीत. तेजोमेघाचा प्रकाश निघाला तेव्हा इथे बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते, हे वाक्य रांगेतल्या प्रत्येकाला नव्याने ऐकवले जाई. रोहिणीचा प्रकाश सुमारे पासष्ट वर्षांपूर्वी निघालेला असतो, म्हणून त्या वयाच्या माणसांना ‘हा तुमच्या जन्माच्या वेळचा प्रकाश’ असे सांगून ती मुद्दाम दाखवीत, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वाट्याला व्याध येई.

दहाच्या सुमारास सर्वांना दुर्बिणीपासून दूर बोलावले जाई. वाईच्या अक्षांशावरून ध्रुव उत्तर क्षितिजापासून सुमारे 18 अंशांवर दिसतो, आणि अगस्त्य दक्षिणेला आपल्या सर्वोच्च जागी पोहोचला की तोही जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंशांची. लोक आधी उत्तरेकडे दोन मुठी मोजत आणि मग पाठ फिरवून दक्षिणेकडे. दुर्बिणीतून दिसणाऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा हे मोजणे लोकांच्या अधिक लक्षात राहिले, असे माझे मत आहे; कारण ते पुढे घरच्या गच्चीवरूनही करता येई.

जानेवारी 2020 मधले आकाशदर्शन विशेष ठरले. मृगातील काक्षी हा तांबडा तारा एरवी रोहिणीपेक्षा ठळक असतो. त्या हिवाळ्यात तो स्पष्टपणे फिका पडला होता. तारा स्फोट पावणार अशी चर्चा सगळीकडे चालू असल्याने गर्दी उसळली होती. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीमुळे तो झाकोळला होता, हे पुढे अभ्यासातून दिसून आले. दुर्बिणीची गरजच नव्हती; दोन तारे नुसत्या डोळ्यांनी ताडून पाहायचे होते, आणि जुन्या सभासदांना मागील वर्षांची तुलना आठवत होती.

आता पटांगणाभोवती पांढरे दिवे आले आहेत आणि तिथून देवयानी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रात्रीचा भाग धोम धरणाच्या बाजूला हलवला आहे. घुमट शाळेतच असतो, मोठ्यांचा खेळही राखीव आहे, आणि धरणाकडे जाणाऱ्या जीपगाड्यांत ज्येष्ठांना आधी बसवतात. जीपचे भाडे मंडळच भरते.