तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही

लग्नात, वास्तुशांतीला, परवा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते तिथेसुद्धा, कुणी ना कुणी विचारतंच. "तू अमेरिकेत त्या ख्रिश्चन कॉलेजात होतीस ना? मग रोज चर्चला जावं लागायचं का गं? म्हणजे... बदलतात का तिथं?" हे 'बदलतात' म्हणताना आवाज जरा खाली येतो. प्रश्न दिसायला धर्माचा असतो पण त्याच्या पोटात दुसराच असतो, की एवढंसं गाव, एवढंसं कॉलेज, सगळ्यांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकत्र राबायचं, मग त्यात तुझं असं काय उरलं. दरवेळी मी दोन वाक्यांत कटवते. आज जरा बैजवार सांगते.

कॉलेजचं नाव बेरिया. केंटकी राज्यात, लेक्सिंग्टनच्या दक्षिणेला साधारण ६५ किलोमीटरवर, जिथे गवताळ सपाट मुलूख संपतो आणि अपॅलेशियाचे डोंगर चालू होतात. पोरं सगळी मिळून दीड हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजपेक्षाही कमीच. ट्यूशन फी नाही, १८९२ पासून कुणाकडूनच घेतलेली नाही. देणग्यांतून साठलेला अब्जाहून जास्त डॉलरचा फंड आहे, बराचसा खर्च त्याच्यावर चालतो. आणि प्रत्येकाने आठवड्याला किमान १० तास काम करायचं. भांडी, लायब्ररी, शेत, ऑफिस, संडास, कॉलेजचंच बून टॅव्हर्न नावाचं हॉटेल आहे तिथलं वाढप, जे वाट्याला येईल ते. मुळात ऐपत नसलेल्यांनाच घेतात, त्यामुळे 'मी पैसे भरते, मी काम करणार नाही' म्हणायची सोयच नाही कुणाला.

सातारकर असाल तर आत्ता म्हणाला असाल, अहो हे तर कमवा आणि शिका! हो ना. म्हणून तर मला जायला मिळालं. आमचे आजोबा साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगमधले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली काढलेलं ते, १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं खायची हे तेव्हा केवढं होतं ते आता सांगून कळत नाही. घरात माझ्या जाण्यावरून पंधरा दिवस खल चालला होता, आई गप्प, काका म्हणतायत पोरीला एवढ्या लांब कशाला, आणि आजोबांनी फक्त विचारलं, "काम करून शिकायचं ना? मग जाऊ दे. आम्ही खडी फोडली, ही काय करंल ते करंल." विषय संपला.

आज्जीचा नाही संपला. ती एसटी स्टँडवर माझ्या कानात म्हणाली, "काय बी खा, काय बी घाल, पर बाटू नगंस."

आता गंमत ऐका. माझी रूममेट पूर्व केंटकीच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातली, ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट (ख्रिश्चनांतला एक जुन्या वळणाचा पंथ) घरातली. तिची आजी, तिकडे मॅमॉ म्हणतात, ती निघताना तिला म्हणाली होती की सांभाळून राहा, त्या कॉलेजात शिकून पोरांचा देवावरचा विश्वास उडतो. म्हणजे माझ्या आज्जीला वाटत होतं की हे कॉलेज मला ख्रिश्चन करणार, आणि तिच्या मॅमॉला वाटत होतं की हेच कॉलेज नातीचं ख्रिश्चनपण घालवणार. एका खोलीत दोन पलंग आणि दोन घाबरलेल्या म्हाताऱ्या. आम्ही दोघी रात्री यावर हसत सुटायचो.

तर चर्चचं. रोज जावं लागत नव्हतं, रविवारीही सक्ती नव्हती. ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचा एक कोर्स मात्र सगळ्यांना कंपलसरी. त्यात मुसलमान, बौद्ध, काहीच न मानणारे, आणि मानणाऱ्यांतही सतरा प्रकार, आणि सगळ्यात जास्त वाद ख्रिश्चनांचे आपापसात. मी चर्चला गेले ते रूममेटच्या गावच्या, सुट्टीत, हौसेने. लाकडी हॉल, वाद्य एकसुद्धा नाही. एक म्हातारा ओळ म्हणून देतो आणि मागून सगळेजण ती लांबवत, हेलकावे देत ओढतात. मला एकदम गावच्या देवळातलं काकड्याचं भजन आठवलं, बुवा पुढे आणि बाकीचे मागे, टाळ-मृदंग काढून घेतल्यासारखं. डोळ्यात पाणी आलं. मॅमॉला वाटलं मला देव भेटला. मी काही बोलले नाही.

जेवणाचं तर विचारूच नका. त्यांच्या घरी राजम्याच्या जातीच्या घेवड्याची शिजवून पातळ केलेली उसळ आणि मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड. दुपारचा उरलेला कॉर्नब्रेड रात्री रूममेटच्या बापाने मोठ्या ग्लासात कुस्करला, वरून थंडगार दूध ओतलं आणि चमच्याने खायला लागला. रूममेट लाजेने लाल, म्हणे सॉरी, आमच्याकडचं हे असलंच गावठी. अगं, मी म्हटलं, मी याच्यावर वाढलीय! दूध-भाकरी आहे ही! त्या रात्री मीही ग्लास मागून घेतला. तोवर ती वर्गात बोलताना आपला डोंगरी हेल मुद्दाम गिळायची, खोलीत एक इंग्लिश आणि वर्गात दुसरं. मी पण तेच करत होते की, पुण्यात क्लासला होते तेव्हा, 'न्हाय'चं 'नाही' करत.

आणि 'तुझं असं काय उरलं' याचं माझं उत्तर खरं तर इथेच कुठेतरी आहे. गावात मी कधी 'मी' नव्हतेच. अमक्यांची नात, तमक्या वाड्यातली, आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात खण उघडून मला त्यात ठेवून मोकळा. बेरियात आडनाव सांगितलं तर त्यांना ते उच्चारताही येत नव्हतं. पहिल्यांदाच माझ्याबद्दल मत बनवायला लोकांकडे माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. हे ऐकायला छान वाटतं, पण पहिले दोन महिने भयंकर गेले. कारण लहान जागेत लपता येत नाही. तुम्ही जेवायला आला नाहीत तर तीन जण विचारतात, कामावर दहा मिनिटं उशिरा गेलात तर संध्याकाळी ते तुमच्या मजल्यावर माहीत असतं. मोठ्या युनिव्हर्सिटीत म्हणे माणूस हरवतो. मला कधीकधी फार हरवावंसं वाटायचं.

मला काम मिळालं झाडू बांधायचं.

हसू नका. बेरियात विद्यार्थ्यांच्या हस्तकलेची मोठी परंपरा आहे, विणकाम, लाकूडकाम, आणि १९२० पासून झाडू. ब्रूमकॉर्न नावाचं पीक असतं, नावात कॉर्न आहे पण मका नाही हं, ती ज्वारीची जात. कणसाला दाणे नावापुरते आणि लांबच लांब ताठ काड्या. पहिल्या दिवशी गठ्ठा हातात घेतला आणि वास आला तो थेट आमच्या रानातल्या शाळूचा. काड्या आधी भिजवायच्या नाहीतर मोडतात, मग दांड्याभोवती थरावर थर रचत दोरी ताणून गुंडाळायची, मग पकडीत दाबून चपटं करायचं आणि जाड सुईने शिवायचं. माझे पहिले पाच-सहा झाडू दांड्यावरून निसटून हातात आले. शिकवणारे म्हणाले, दोरीला हिसका देऊ नकोस, ताण धरून ठेव. हिसका आणि ताण यातला फरक बोटांना कळायला महिना गेला, बोटं सोलली, आणि एक दिवस कळला. नंतर तर अशी वेळ आली की ढिगातून झाडू उचलून ते सांगायचे हा तुझा, हा त्याचा. सगळ्यांचं माप एक, काड्या एक, शिवण तीच, तरी ओळखू यायचे. माझी शेवटची गाठ म्हणे जरा जास्तच आवळलेली असते. (अजूनही असते. नवरा डब्याची पिशवी सोडताना रोज शिव्या घालतो.)

घरी फोनवर सांगितलं तर शांतता. मग काकू म्हणाली, "अमेरिकेत जाऊन झाडू? कुणाला सांगू नको बाई." आजोबा मागून खोकत हसत होते.

एकदा काम करता करता शेजारच्या मुलाने सहज विचारलं, तुमच्याकडे झाडू कोण बनवतं? आणि मी पटकन म्हटलं, कुणीही. मग वर हेही म्हटलं की जातबित आता काही राहिलं नाही, ते जुनं. तो बरं म्हणाला आणि कामाला लागला. मला मात्र दिवसभर दोरी नीट धरता आली नाही.

कारण कुणीही नाही बनवत. आमच्याकडे शिंदीच्या पात्यांची केरसुणी मातंग समाजातले लोक वळायचे, पिढ्यान् पिढ्या. दिवाळीच्या आधी एक बाई यायची, डोक्यावर केरसुण्यांचा भारा. ती अंगणाच्या कडेला उभी राहायची, पायरी चढायची नाही. आज्जी केरसुणी घ्यायची, तिला हळदकुंकू लावून लक्ष्मी म्हणून पुजायची, आणि जिने ती वळली तिच्या ओच्यात दाणे वरून टाकायची. मी हे दर वर्षी बघितलेलं. दुधाचं भांडं बघावं तसं बघितलेलं, काही न वाटता.

आणि मी हे खोटं बोलत होते ते कुठे? १८५५ मध्ये जॉन फी नावाच्या माणसाने गुलाम बाळगणाऱ्या राज्यात गुलामगिरीच्या विरोधात ही शाळा काढली, स्वतःचा बाप गुलामांचा मालक असताना. १८५९ मध्ये हत्यारबंद जमावाने त्याला आणि सोबत्यांना हाकलून दिलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर परत आले, आणि १८६६-६७ साली पटावर १८७ विद्यार्थी, ९६ काळे, ९१ गोरे, मुलं-मुली दोन्ही. एकाच रक्ताची सगळी माणसं, हे बायबलातलं वचन कॉलेजचं ब्रीद. सात वर्षांनी, १८७३ साली, इकडे पुण्यात जोतिराव 'गुलामगिरी' छापतात आणि ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करतात. त्यांना बेरिया माहीत होतं असं मी म्हणत नाही, पण अर्पणपत्रिका ज्या तऱ्हेच्या माणसांना आहे, हा जॉन फी त्यातलाच. आणि मी, त्या माणसाच्या आवारात, हातात ज्वारीचा झाडू घेऊन, म्हणते जातबित काही राहिलं नाही.

त्या कॉलेजलाही हे सगळं टिकवू दिलं नाही कुणी, हेही सांगायला हवं. १९०४ मध्ये केंटकीने कायदाच केला की काळे-गोरे एकत्र शिकायचे नाहीत. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, १९०८ मध्ये हरलं. १९५० मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे काळी पोरं परत आली. कार्टर वुडसन, ज्यांनी अमेरिकेत काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, ते १९०३ चे इथले पदवीधर, म्हणजे दार बंद व्हायच्या जेमतेम एक वर्ष आधी बाहेर पडलेले.

माझ्या वेळेला बेल हुक्स, नावाजलेल्या काळ्या स्त्रीवादी लेखिका, तिथे शिकवायच्या. त्यांचं खरं नाव ग्लोरिया जीन वॉटकिन्स, बेल हुक्स हे त्यांच्या पणजीचं नाव, आणि इंग्रजीत ते त्या छोट्या अक्षरांत लिहायच्या. पणजीचं नाव घेऊन जगायचं ही कल्पनाच मला फार आवडलेली, आणि त्यावरून एकदम आठवलं की त्या केरसुणीवाल्या बाईचं नाव मला माहीत नाही. रविवारी फोन केला. आज्जी, ती बाई, तिचं नाव काय गं? आज्जीने जातीचा उल्लेख करून म्हटलं तीच का. मी म्हटलं हो, पण नाव. बराच वेळ नुसता फोनचा खरखराट. मग म्हणाली, "काय की बया. आमी कधी इचारलंच न्हाय." चाळीस वर्षं ती बाई दारात येत होती.

आजोबांनाही माहीत नव्हतं. बोर्डिंगात सगळ्यांच्या पंक्तीला बसलेल्या आजोबांना. त्यांनी फोन घेतला, आणि नाही बोलता आलं त्यांना. दोन दिवसांनी स्वतः वस्तीवर जाऊन विचारून आले आणि मला नाव कळवलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

शेजारच्या मुलालाही नंतर सांगितलं, की त्या दिवशी मी खोटं बोलले. तो म्हणाला हं, मला वाटलंच होतं, तू त्या दिवशीचा झाडू सैल बांधला होतास.

तर असं. बाप्तिस्मा नाही झाला. पण हे सगळं दाताच्या डॉक्टरकडे कसं सांगणार, म्हणून मी तिथल्या बाईंना म्हटलं, नाही हो काकू, काही बदलत नाहीत, आणि फी पण नाही. फी नाही म्हटल्यावर त्या खुर्चीत सरळ बसल्या. त्यांच्या भाच्याचं बारावी झालंय, हुशार आहे, घरचं जरा बेताचंच. वेबसाइट लिहून घेतली, माझा नंबर घेतला. मी म्हटलं आठवड्याला दहा तास काम असतं बरं का. त्या म्हणाल्या करेल की, आजकाल सगळेच करतात. मग त्यांचा नंबर आला, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत वळून म्हणाल्या, "पण काम ऑफिसातलंच मिळेल ना गं, बघ जरा, म्हणजे झाडू वगैरे नको."