आधी ओळख, मग वीज

मंगळवार

काकांच्या जुन्या संगणकांच्या संग्रहाच्या यादीत एका यंत्रापुढे नुसतं ‘अज्ञात, १६ बिट?’ असं लिहिलेलं आहे. आज त्याच्यापाशी बसले. दर्शनी पट्टीवरचं नाव कुणीतरी खरवडून वर करडा रंग दिलाय आणि मागची अनुक्रमांकाची पट्टी गायब आहे. असं बऱ्याच मिनीकॉम्प्युटरांचं झालं. मूळ उत्पादकाकडून यंत्र घ्यायचं, आपल्या उपकरणात बसवायचं आणि आपलं नाव लावून विकायचं, हा त्या काळातला सरळ धंदा होता. प्रयोगशाळेतली उपकरणं, छपाईची जुळणी, कारखान्यातली यंत्रं, सगळीकडे हे संगणक दुसऱ्याच्या नावाने राबले.

पण स्विच खोटं बोलत नाहीत. डेटा भरण्याचे स्विच मोजले, तर बारा. तीन-तीनच्या गटांत, आळीपाळीने दोन रंगांचे. सोळा बिटांचं यंत्र असतं तर सोळा असते. बारा बिटांचा शब्द (यंत्र एका वेळी हाताळतं तो आकडा) आणि ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायाने, वाचायला सोयीचे तीनचे गट म्हटल्यावर पहिला संशय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ घराण्यावर जातो.

झाकण काढलं. बोर्डांच्या मुठींवर छापलेले क्रमांक अजून स्पष्ट आहेत: एम८३००, एम८३१०, एम८३२०, एम८३३०. अनुक्रमे रजिस्टरं (चालू आकडे धरून ठेवणाऱ्या जागा), त्यांचं नियंत्रण, बसचा (बोर्डांना जोडणाऱ्या सामाईक वाहिन्यांचा) भार आणि वेळेचे ठोके. हा संच एकाच कुळात सापडतो. पीडीपी-८ चं पहिलं यंत्र १९६५ चं. त्याची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. आज हा आकडा मोठा वाटतो, पण त्या काळी एखाद्या विभागाला स्वतःपुरता संगणक घेता येईल इतकी ती खाली आली होती. त्यात सुटे ट्रान्झिस्टर आणि डायोड होते. पुढे ८/आय मध्ये आयसी, म्हणजे चिपा, आल्या आणि १९७० च्या ८/ई मध्ये ओम्निबस आला. म्हणजे सगळ्या स्लॉटना तेच सिग्नल समांतर जातात, त्यामुळे बहुतेक बोर्ड कुठल्याही स्लॉटात बसवता येतात. आपल्यासमोर ओम्निबस आहे हे नक्की झालं. मात्र याच घराण्यातल्या ८/एफ आणि ८/एम मध्येही हेच बोर्ड असतात, त्यामुळे बोर्ड पाहून निर्णय होत नाही. निर्णय पेटीने केला. ही पेटी खोल आहे, आत दुसऱ्या बॅकप्लेनला (बोर्ड ज्यात खोचतात त्या पाटीला) जागा सोडलेली आहे. एफ आणि एम ची पेटी आखूड. म्हणजे ही ८/ई.

मग वय. चिपांवर चार आकडी तारीख असते: आधी वर्षाचे दोन आकडे, मग आठवड्याचे दोन. यात एक गंमतशीर अडचण आहे. बोर्डावरच्या बऱ्याच चिपा ७४०० मालिकेतल्या, त्यामुळे ‘७४२०’ हा चार इनपुटांची दोन नँड गेटं (तर्काची छोटी मंडलं) असलेल्या चिपचा भाग-क्रमांकही असू शकतो आणि १९७४ चा विसावा आठवडाही. दोन्ही ओळी वाचूनच ठरवावं लागतं. बहुतेक चिपा ७२ आणि ७३ च्या निघाल्या. एका बोर्डावर मात्र एकच चिप ७८१४, म्हणजे १९७८ च्या चौदाव्या आठवड्यातली, आणि तिच्या पायांचं सोल्डर बाकीच्यांपेक्षा जाड. कुणीतरी त्या वर्षी किंवा नंतर हे यंत्र बिघडल्यावर नेमकी दोषी चिप शोधली, काढली, नवी बसवली. यंत्र तेव्हाही कुणाला इतकं हवं होतं!

ती चिप मी तशीच ठेवणार. मूळ सालातली शोधून बसवावी असं काही संग्राहक म्हणतात, मला ते पटत नाही. ते सोल्डर या यंत्राच्या आयुष्याचा भाग आहे.

गुरुवार, रात्री

दिवसभर फोम. पट्टीच्या मागे आणि हवेच्या वाटेवर लावलेला जुना फोम काळ्या चिकट चिखलात बदललाय. हात लावला की तुटतो, तुकडे बॅकप्लेनच्या पिनांवर पडतात. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला. यात लिहिण्यासारखं काही नाही, करण्यासारखं खूप आहे.

काका मधूनच म्हणाले, “अगं, एकदा लावून बघूया का? पाचच मिनिटं.”

“नको काका, अजून कपॅसिटर तपासले नाहीत.”

त्यांची उत्सुकता मला कळते. कित्येक वर्षं ते यंत्र त्यांच्यासमोर मुकं उभं आहे. पण याच पाच मिनिटांत यंत्रं कायमची जातात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर वापर नसला की पातळ होतो. थेट पूर्ण व्होल्टेज दिलं तर गळतीचा प्रवाह वाढतो, कपॅसिटर तापतो आणि कधी फुटतो. त्याहून वाईट म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा नियामक बिघडून पाच व्होल्टांच्या वाहिनीवर जास्त व्होल्टेज गेलं, तर शेकडो चिपा एका क्षणात संपतात.

म्हणून सगळे बोर्ड बाहेर. कपॅसिटर एकेक सुटे करून, मालिकेत रोध लावून, प्रयोगशाळेच्या सप्लायवर हळूहळू व्होल्टेज चढवत नेलं. गळती खाली येत गेली की थर पुन्हा बनतोय हे कळतं. एक कपॅसिटर शेवटपर्यंत सुधारला नाही, तो बदलला. जुना फेकला नाही. कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत घालून यंत्राबरोबरच ठेवला. मग ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय व्हॅरिअॅकवर (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चढवला, बोर्डांऐवजी खोटा भार लावून. (स्विचिंग सप्लायला हा उपाय लावू नये. कमी व्होल्टेजवर तो जास्त प्रवाह ओढतो आणि स्वतःलाच इजा करतो.)

शुक्रवार

पाच व्होल्ट भारावर स्थिर, ५.०३. टीटीएल चिपांना (७४०० मालिकेतल्या याच चिपांना) ४.७५ ते ५.२५ चालतं. ऑसिलोस्कोपवर लहरी नगण्य. दोन्ही पंधरा व्होल्ट ठीक.

रविवार

आज मेमरी. हे लिहायला बसताना अजून हात थरथरतोय.

मेमरीचे बोर्ड मुद्दाम शेवटी ठेवले होते. फेराइटच्या बारीक कड्या माळेतल्या मण्यांसारख्या तारांत ओवलेल्या असतात. प्रत्येक कडी एक बिट. एक्स आणि वाय तारांतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडला की दोन्ही जिथे छेदतात तिथलीच कडी उलटते. वाचणं म्हणजे कडी शून्याकडे ढकलणं, त्यामुळे वाचताना बिट पुसला जातो आणि त्याच चक्रात तो परत लिहावा लागतो. पण वीज गेली तरी कडी आपली दिशा सोडत नाही. म्हणजे शेवटच्या माणसाने यंत्र बंद केलं तेव्हा मेमरीत जे होतं, ते आजही तिथे असू शकतं.

म्हणूनच माझा हट्ट: काहीही चढवण्याआधी वाचायचं. पुनरुज्जीवन करणारे कितीतरी जण यंत्र चालू झालं की पहिल्यांदा छोटा चाचणी प्रोग्राम भरतात, दिवे पळताना पाहतात. तो मोह मलाही होतो. पण त्या चार शब्दांखाली कुणाचं तरी काम कायमचं पुसलं जातं. तो शेवटचा वाचक आपणच असतो, दुसरी प्रत जगात कुठेच नसते.

आधी मेमरीविना तपासणी केली. स्विचवर पत्ता ठेवून अॅड्रेस लोड दाबला, दिव्यांत बरोबर तोच उमटला. मग ‘पॉवर ओके’ हा सिग्नल पाहिला. व्होल्टेज पूर्ण स्थिर होईपर्यंत तो मेमरीचे प्रवाह अडवून धरतो. तो बिघडलेला असेल तर चालू करतानाच कड्या चाळवल्या जातात. तो ठीक आहे हे पाहून मगच जी१०४, एच२२० आणि जी२२७ हे तीन बोर्ड बसवले.

स्विचवर ७७५६ ठेवलं, अॅड्रेस लोड, मग एक्झाम (त्या जागेतला शब्द दाखवणारा, आणि दर दाबण्याला पुढच्या जागेवर जाणारा स्विच). दिव्यांत ६०३२. पुन्हा एक्झाम: ६०३१. पुन्हा: ५३५७. पुन्हा: ६०३६.

मी खुर्चीतून उठलेच. हा आरआयएम लोडर आहे. कागदी फीत वाचून शब्द मेमरीत ठेवणारा सतरा जागांचा छोटा प्रोग्राम, जो लोक स्विचवरून हाताने भरायचे आणि मेमरीच्या वरच्या टोकाला जपून ठेवायचे. त्यातून एक गोष्ट आणखी उघड होते. सुरुवातीचा ६ म्हणजे बाहेरच्या उपकरणाला आज्ञा, पुढचे दोन आकडे म्हणजे कोणतं उपकरण. ०३ म्हणजे टेलिटाइपचा (संगणकाला जोडलेल्या टंकयंत्राचा) कीबोर्ड आणि फीतवाचक. वेगवान वाचक असता तर ०१ दिसलं असतं. म्हणजे हे यंत्र चालवणारा माणूस सेकंदाला दहा अक्षरं या चालीने फीत भरत होता. बायनरी फितीत एका शब्दाला दोन अक्षरं लागतात, मेमरीचे चार हजार शहाण्णव शब्द पूर्ण भरायचे तर जवळपास पावणेचौदा मिनिटं. त्या मिनिटांत तो काय करत असेल याचा मी खूप विचार केला.

उरलेली मेमरी लॅपटॉपवर काढायला एक प्रोग्राम लागतो, आणि तो कुठेतरी ठेवावाच लागतो. त्यासाठी वीसेक जागा निवडल्या, त्या आधी हाताने वाचल्या, वहीत लिहिल्या, काकांनी दुसऱ्यांदा वाचून जुळवल्या. मग तिथे प्रोग्राम भरला आणि करंट लूपमधून (टेलिटाइप जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या तारांतून) सगळी मेमरी बाहेर आली. काका शेजारी उभे राहून आकड्यांच्या ओळी सरकताना बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

त्या ओळींत ६५४१ आणि ६५४२ पुन्हा पुन्हा येतात. ५४ क्रमांकाचं उपकरण टेलिटाइप नाही, फीतवाचक नाही. मात्र मागच्या स्लॉटात एक अनोळखी बोर्ड आहे, हाताने तारा गुंडाळून केलेला, कुठलाच क्रमांक नसलेला. त्याची पत्ता ओळखणारी गेटं तपासली. ती ५४ लाच उत्तर देतात. म्हणजे तो बोर्ड आणि हा प्रोग्राम एकमेकांसाठी केलेले आहेत, आणि दोन्ही अजून एकत्र आहेत. ६५४१ नंतर बहुतेक जागी मागे उडी आहे, म्हणजे प्रोग्राम तिथे कशाची तरी वाट बघत थांबतो. ६५४२ नंतर शब्द दोनदा उजवीकडे सरकवून साठवलेला दिसतो. वाचलेल्या मापाचे खालचे दोन बिट कुणीतरी जाणूनबुजून टाकत होतं, असा माझा अंदाज. दहा बिटांपुढे त्या मापावर त्याचा विश्वास नसावा.

पुढच्या वेळी त्या बोर्डाच्या जोडणीतल्या तारा एकेक करून मोजायच्या: किती आत येतात, किती बाहेर जातात, कोणत्या जमिनीला (ग्राउंडला) जोडलेल्या आहेत. काकांनी त्यासाठी मल्टिमीटरच्या बारीक टोकाच्या पिना शोधून ठेवतो म्हटलं आहे.