फोडींची कृती मी लिहून का देत नाही

दसरा जवळ आला की विचारणा सुरू होते. रताळ्याच्या पाकातल्या फोडी तुमच्याकडे होतात तशा आमच्याकडे होत नाहीत, त्यांना ती काचेसारखी चकाकी येत नाही, एकदा कृती लिहून द्या, असे शेजारणी म्हणतात, नात्यातल्या मुली म्हणतात आणि बेळगावात राहणारी माझी पुतणी तर दर नवरात्रात म्हणते. मी प्रत्येकीला एकच उत्तर देते: समोर उभी राहा, करून दाखवते. काहींना हा मोठेपणा वाटतो आणि काहींना वाटते की मी काहीतरी राखून ठेवते. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी सगळे उत्तर देते, आणि ते देताना मला त्रास होणार आहे हेही आधीच सांगते.

पहिले कारण मी नेहमी सांगते आणि ते खरे आहे. माझे माहेर उचगावच्या बाजूचे. तांबड्या मातीत पावसाळ्यात बांधावर वेल लावायचे आणि नवरात्राच्या सुमारास रताळी काढायला लागायची, हे मी लहानपणापासून केलेले काम आहे. नुकतेच काढलेले रताळे पिठूळ असते आणि गोडीला कमी असते. तेच रताळे तीन-चार आठवडे वारा लागेल अशा जागी ठेवले की गोड होते, म्हणून दसऱ्याच्या फोडींना जेवढा गूळ लागतो तेवढा महाशिवरात्रीच्या फोडींना लागत नाही. शिजवण्याचेही तसेच आहे. रताळे साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत जितका वेळ रेंगाळते तितकी त्याच्यातल्या पिष्टाची साखर होत जाते, आणि मोठ्या आचेवर घाईने शिजवले तर ती गोडी तयारच होत नाही. अर्धा किलो रताळ्यांना मला कधी १०० ग्रॅम गूळ पुरला आहे आणि कधी १७५ ग्रॅमही कमी पडला आहे. मग मी कागदावर कोणता आकडा लिहावा?

गुळाचेही तेच. गुऱ्हाळात रस निवळण्यासाठी चुना घालतात, कुठे जास्त, कुठे कमी. हा चुना फोडीला घट्ट करतो, आणि त्यातच पाकाची साखर फोडीत पाणी शिरू देत नाही. म्हणून कच्ची फोड गुळात टाकली तर ती कितीही वेळ शिजवा, आत कडकच राहते. फोडी आधी तुपावर हलक्या परतायच्या, पाण्याचा हबका मारायचा, झाकणावर पाणी ठेवून मंद वाफेवर त्या जवळजवळ शिजू द्यायच्या आणि मगच किसलेला गूळ घालायचा. पुढे ढवळायचे नाही, कढई हलवायची. पाक फोडीला धरू लागला की लिंबाचे चार थेंब टाकायचे आणि उतरवायचे. साखरेचा पाक लवकर दाणेदार होतो. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अंगचेच असल्यामुळे तो तसा होत नाही, आणि तुम्ही विचारता ती चकाकी त्याचीच आहे. पिवळाधमक गूळ घेऊ नका एवढेच सांगते, कारण तो रंग बहुतेक वेळा गुऱ्हाळात टाकलेल्या पावडरीचा असतो.

म्हणजे कृती मला शब्दांत सांगता येते, हे तुमच्या लक्षात आले असेल. लिहून न देण्याचे कारण एवढेच असते, तर ते आता उरले नसते. दुसरे कारण असे आहे की ही कृती मी एकदा लिहून दिली होती.

ते १९९४ साल होते. त्या वर्षी मे महिन्यात माझी धाकटी जाऊ खानापूरच्या आमच्या घरात आली. ती बैलहोंगलच्या कन्नड घरातली. मराठी बोलायला ती दोन महिन्यांत शिकली. वाचायला तिला अडचण नव्हती, कारण शाळेत ती हिंदी शिकलेली होती. मला अक्का म्हणायची. तिच्या हाताची शेंगदाण्याची होळगी इतकी पातळ व्हायची की सासरे दोन वेळा मागून घ्यायचे, आणि मी आठ वर्षे त्या घरात रांधत असूनही माझ्या कोणत्या पदार्थाला त्यांनी असे मागितल्याचे मला आठवत नव्हते. सणाच्या पानात माझी म्हणून ओळखली जाणारी एकच गोष्ट होती, डाव्या बाजूला कोशिंबिरीखाली वाढल्या जाणाऱ्या पाकातल्या फोडी. उपवासाचा पदार्थ सणाच्या पानात कसा, असे पहिल्या वर्षी नाक मुरडणारे चुलत सासरेही पुढे आल्याआल्या फोडी झाल्या का ते विचारू लागले होते.

त्या दिवाळीत पाडव्याच्या आदल्या दिवशी माझी पाळी आली. तेव्हाच्या घरच्या रीतीप्रमाणे मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बाजूला बसले. पाडव्याला पंचवीस माणसे जेवायला होती. जाऊ दाराशी आली आणि म्हणाली, "अक्का, बाकी सगळं मी करते. गेणसूच्या फोडी तेवढ्या लिहून द्या. कमी-जास्त झालं तर तुमचं नाव जाईल." मी दिनदर्शिकेच्या फाटक्या पानाच्या मागे कृती लिहिली आणि ते पान उंबऱ्यावर ठेवले. तिने ते उचलले आणि तिथेच उभी राहून हिंदी वाचतात तसे एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचले. फोडी जाड कापाव्यात, तुपावर परताव्यात, गूळ घालून पाक धरेपर्यंत हलवाव्यात, वेलदोडा घालावा, चिमूटभर मीठ घालावे. वाचून झाल्यावर तिने विचारले, "सगळं आलं ना, अक्का?" मी म्हणाले, "आलं."

वाफ आली नव्हती. झाकण आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत बसून भिंतीपलीकडचे सगळे ऐकत होते. तूप तापले, फोडी पडल्या, उलथन्याचा आवाज आला. आता कढईवर ताट बसेल आणि त्यात पाणी ओतले जाईल, हा आवाज मी वर्षानुवर्षे स्वतः केलेला असल्यामुळे माझे कान तिकडेच होते. तो आला नाही. त्याऐवजी गुळाचा वास आला, फार लवकर आला, आणि रताळे शिजल्याचा वास त्यात मुळीच नव्हता. त्या क्षणी मला कळले. त्या क्षणी पंचवीस माणसांच्या फोडी वाचवता आल्या असत्या, कारण मधे एक भिंत होती आणि माझा आवाज तिच्यापलीकडे सहज गेला असता. मी हाक मारली नाही. गुळाचा वास गोडसर होता तो खमंग झाला, खमंग होता तो कडसर झाला, आणि मी गुडघ्यांना हात घालून बसून राहिले.

पंगतीत काय झाले तेही मी ऐकले. फोडी आत कच्च्या होत्या आणि वरचा पाक गोळीबंद होऊन दाताला चिकटत होता. चुलत सासरे म्हणाले, "बैलहोंगलकडं अशाच करत असतील." दोघे-तिघे हसले. कागद तिच्या कमरेला खोचलेला होता. तो काढून दाखवला असता, तर त्यावरचे अक्षर कोणाचे हे सगळ्या घराने ओळखले असते. ती म्हणाली, "माझंच चुकलं." संध्याकाळी मागच्या अंगणात ती गरम पाणी घालून कढई खरवडत होती आणि तो आवाज फार वेळ चालला.

मी विसरले होते, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगितले. हाताच्या सवयीची गोष्ट लिहिताना सुटते, पोहायला शिकवणारा श्वास घ्या असे सांगायला विसरतो, हे मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही ते खोटे आहे असे मला म्हणवत नाही. परंतु चिमूटभर मीठ मला आठवले होते. वेलदोडा आठवला होता. ज्या बाईला चिमूटभर मीठ आठवते तिला झाकण आठवत नाही, यावर मी तेव्हा विश्वास ठेवला आणि आता ठेवू शकत नाही, आणि तरीही लिहिताना माझ्या मनात नेमके काय होते हे छातीठोकपणे सांगण्याइतके ते मला दिसत नाही. लिहिण्याबद्दल मला शंकेचा फायदा घेता येतो. भिंतीपलीकडून न मारलेल्या हाकेबद्दल तोही घेता येत नाही.

तिने त्यानंतर पाकातल्या फोडी कधी केल्या नाहीत आणि त्या कागदाचा विषयही कधी काढला नाही. मीही काढला नाही. दोन-तीन वेळा शब्द ओठापर्यंत आले, पण माफी मागायची तर कोणत्या गोष्टीची, विसरण्याची की गप्प बसण्याची, हे ठरवता न आल्यामुळे ते तिथेच राहिले. हे बहुधा निमित्त आहे. पुतणी, म्हणजे तिचीच मुलगी, जेव्हा म्हणते, "मोठी आई, आता वाफेसकट सगळं लिहून दे की," तेव्हा तिला यातले काही माहीत नसते आणि माझा हात पेनाकडे जात नाही. समोर उभे करून शिकवले तर माझ्याकडून काही सुटले तरी समोरच्या बाईला कढई दिसते. कागदावर तिला फक्त मी दिसते.

गेल्या दसऱ्याला दीर आणि जाऊ आमच्याकडे जेवायला होते. मी तिच्या पानात दोन फोडी वाढल्या. तिने एक फोड बोटाने मोडून आत पाहिले, मग खाल्ली, आणि मान वर न करता विचारले, "वाफ किती दिलीत, अक्का?"

मी म्हणाले, "झाकणावरचं पाणी निम्मं होईपर्यंत."

तिने मान हलवली आणि भाताचे भांडे पुढे ओढून घेतले.