तारकर्लीत चार दिवस, नुसता समुद्र

या वेळी ठरवलंच होतं की धावपळ करायची नाही, म्हणून मालवणजवळ तारकर्लीला एकाच ठिकाणी चार दिवस राहिलो. सकाळी उठायचं, अनवाणी किनाऱ्यावर जायचं, बस्स. एकदा रापण ओढताना बघायला मिळाली, दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतायत, जाळं हळूहळू किनाऱ्याकडे येतंय, आत मासळी फडफडतेय, मी तासभर नुसता उभा, मोबाईल काढायचंपण सुचलं नाही.

बोटीने सिंधुदुर्गला जाऊन आलो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी! शिवराजेश्वराच्या, म्हणजे खुद्द महाराजांच्याच मंदिरात अंगावर काटा आला.

पण मला सगळ्यात भावलं ते कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, कळसूत्री बाहुल्या... याच कामासाठी परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. बीचवर येणारे बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं, अर्धा दिवस तरी काढाच.

शेवटची संध्याकाळ देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.