रेघांसमोर उभे राहताना

छत्रपती संभाजीनगरच्या एका लहान दालनातील अमूर्त रेखाचित्रांचे प्रदर्शन पाहण्यासाठी मी जालन्याहून मुद्दाम गेलो होतो. एका कागदावर केवळ पेन्सिलीच्या समांतर रेघा होत्या. मात्र जवळ गेल्यावर हात कुठे दाबला गेला, कुठे अलगद उचलला गेला आणि शिसाची पूड खरखरीत कागदात कुठे अडकून राहिली, हे स्पष्ट दिसत होते. चित्रकार नसरीन मोहम्मदी (१९३७–१९९०) यांची आठवण होणे साहजिकच होते, कारण शाई आणि पेन्सिलीच्या अशाच रेघांवर त्यांनी आपली चित्रभाषा उभी केली आणि चित्रांना शीर्षके दिली नाहीत. चित्रकार वासुदेव गायतोंडेही रोलर व पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवीत, खरवडीत. आपल्या चित्रांना ते अमूर्त न म्हणता वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही वस्तूचे चित्रण नसलेली, म्हणत.

काचेवर ट्यूबलाइट चमकत होती, याचे मात्र फार वाईट वाटले. इतक्या नाजूक कामावर बाजूने मंद प्रकाश पडायला हवा.

शेजारी उभे असलेले एक वयस्क शेतकरी बराच वेळ पाहत होते.

“काका, काय दिसतं?” मी विचारले.

“वखराची पाळी घातलेलं रान,” ते म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले.